पुण्यातून यॉट घेताना आधी पाणी विचारा

"यॉट घेतली" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र, तीन मजली, वर हेलिपॅड असलेली काहीतरी वस्तू येते. म्हणून आधीच सांगून टाकते. आमची बोट २६ फुटी आहे, शिडाची आहे, चाळिशीला टेकलेली आहे आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांपेक्षा स्वस्त पडली आहे. ही बातमी कळल्यावर खालच्या मजल्यावरचे काका एवढंच म्हणाले, "पार्किंगचा दुसरा स्लॉट मागू नका म्हणजे झालं." याहून जास्त कौतुकाची पुण्यात अपेक्षाही नव्हती.

त्यानंतर ऑफिसात आणि नातेवाइकांत दोनच प्रश्न ऐकते आहे: किती फुटी आणि कुठल्या कंपनीची? पुण्यात राहून शनिवार-रविवारसाठी जुनी यॉट घ्यायची असेल तर माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा, की तिला तरंगायला किती पाणी लागतं, आणि आपण तिथे पोचतो त्या वेळी तेवढं पाणी तिथे असतं का? हा प्रश्न नीट विचारला तर निम्म्या बोटी यादीतून आपोआप गळतात, आणि उरलेल्यांत मग शिडं, इंजिन, गाद्यांचे रंग वगैरे बघत बसायला हरकत नाही.

घरची मंडळी म्हणजे मी, मिलिंद, आठवीतली ओवी, चौथीतला अर्णव आणि सासूबाई. मी भोसरीला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, मिलिंद आयटीत. बोट चालवायला आम्ही दोघं मुंबईत शिकलो. पुण्यात पाणी नाही असं नाही. खडकवासल्याला एनडीएच्या पोरांची शिडं दिसतात, मुळा-मुठेवर सीओईपीचा बोट क्लब आणि कॅनॉट बोट क्लब आहेत, पवना-मुळशीला धरणं आहेत. पण मुलांना घेऊन दोन दिवस कुठेतरी जायचं, रात्री तिथेच राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, तर त्याला समुद्रच लागतो. आणि समुद्र म्हटला की घाट उतरणं आलं.

त्या रस्त्याचा हिशेब आधी करावा लागतो. शनिवारी पहाटे पाचला निघून द्रुतगती मार्ग आणि मग अटल सेतू धरला तर साडेआठपर्यंत आम्ही कुलाब्याला असतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू व्हायच्या आधी वाशी-चेंबूरच्या गर्दीत जीव जायचा आणि हा सगळा बेतच मला वेडेपणा वाटायचा. तरीही जाण्यायेण्याचे सात तास दोन दिवसांतून वजा होतातच. म्हणजे जी बोट तयार करायला दोन तास लागतात ती आपल्यासाठी नाही. धक्क्यावरून डिंगी, म्हणजे ने-आण करायची छोटी होडी, डिंगीतून बोट, सामान आत, शिडाचं कव्हर काढलं, इंजिन चालू, निघाले. अर्ध्या-पाऊण तासात हे होत नसेल तर तिसऱ्या खेपेला घरचे म्हणणार, तुम्ही दोघंच जाऊन या.

मिलिंदचं स्वप्न वेगळं होतं. शिडाच्या बोटीने जगप्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी २०२२च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले ती बोट रस्लर-३६. तेव्हापासून त्याच्या लॅपटॉपवर लांब कीलच्या, म्हणजे बोटीच्या पोटाखाली असतो त्या वजनदार पात्याच्या, ३६ फुटी बोटींचे टॅब कायम उघडे. मी त्याला एकदाच विचारलं, "त्यांना कुठे थांबायचं नव्हतं. आपल्याला रेवसला थांबायचंय ना?" रेवस म्हणजे मुंबई बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचं, अलिबागकडचं. त्या शर्यतीची अटच मुळी अशी, की कुठेही न थांबता जगाला फेरी मारायची. तिथे जड, खोल, लांब कीलची बोट शहाणपणाची. आपल्याला मात्र दर वेळी संध्याकाळी नांगर टाकायचा असतो, आणि तोही बहुतेक वेळा उथळ पाण्यात.

मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, मोठ्या उधाणाला त्याहूनही जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे इथली भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहा-सातला, नेमकी आपण खाडीत शिरून रात्रीची जागा शोधत असतो तेव्हा. पावणेदोन मीटर पाणी मागणारी बोट त्या वेळी बाहेर, उघड्यावर, लाटांत डुलत राहते. आत शिरायचा मोह केला तर चिखलात बसते आणि पाणी उतरत जाईल तशी आडवी होते. अशी आडवी झालेली बोट सासूबाईंनी एकदा बघितली की विषय संपला.

रेवसजवळ एक तांडेलमामा आहेत, ज्यांनी आम्हाला सगळ्यात उपयोगाचं शिकवलं. पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं, आमच्यासारख्यांनी रात्री कुठे थांबावं? ते म्हणाले, "ताई, बोट खाली किती जाते ते आधी सांगा, मग जागा सांगतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण बोटच नव्हती. मग त्यांनी उलटं करून दिलं. मीटरभर पाण्यात भागत असेल तर इथे, इथे आणि तिथे, दीड मीटर लागत असेल तर फक्त तिथे, दोन मीटर लागत असेल तर मांडव्याच्या बाहेर नांगर टाका आणि रात्रभर जागे राहा. कुठे तळ मऊ चिखलाचा आणि कुठे खाली खडक, तेही दाखवलं. ओहोटीला कोरडी पडलेली जागा स्वतः चालत जाऊन बघितल्याशिवाय तिथे बोट टेकवू नका, हे त्यांचंच. आम्ही गुडघाभर चिखलात गेलो. अर्णवची एक चप्पल अजून तिथे आहे.

तिथेच मनात दोन किलांची बोट पक्की झाली. बोटीच्या पोटाखाली मधोमध एक खोल कील असतो, त्याऐवजी हिला दोन बाजूंना दोन आखूड कील. पाणी जेमतेम मीटरभर लागतं आणि ओहोटीला ती चिखलावर सरळ उभी बसते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर आपल्यासारख्याच भरती-ओहोटीच्या चिखलखाड्या आहेत, म्हणून तिकडे या बोटी ढिगाने बांधल्या गेल्या. वेस्टर्ली सेंटॉर हे एकच २६ फुटी मॉडेल १९६९ पासून पुढे दोन हजारांच्या वर तयार झालं. आमची त्यातली नाही, पण त्याच जातकुळीची.

शर्यतीवाले या बोटींना नाकं मुरडतात, आणि ते खोटं नाही. वाऱ्याच्या तोंडावर चढत जायचं म्हटलं की दोन किलांची बोट बाजूला घसरते, एक कीलवाली सरळ पुढे निघून जाते. पण इथे मुंबईचा वारा आपल्या बाजूचा आहे. थंडी-उन्हाळ्यात दुपारी खारा वारा वायव्येकडून भरतो, सकाळी मतलई वारा जमिनीवरून ईशान्य-पूर्वेचा येतो. कुलाब्याहून रेवसला जायचं म्हणजे आग्नेयेला. शनिवारी दुपारी वारा पाठीशी, रविवारी सकाळी परतताना वारा उजव्या कुशीवर. दोन्ही वेळा वाऱ्याच्या तोंडावर चढायची गरज पडत नाही, फक्त रविवारी दहा-अकराच्या आत बरंचसं अंतर कापलेलं हवं. उशीर केला की वायव्येचा वारा थेट तोंडावर, मग इंजिन लावा आणि गप्प बसा. बोटीत जे कमी आहे ते वेळापत्रकात भरून काढता येत असेल तर मला चालतं.

वेगाबद्दलही लोकांच्या भलत्या कल्पना असतात. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा: अशा बोटीचा साधारण कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल, असा मिळतो. २२ फुटांना येतात सहा-सव्वासहा. प्रत्यक्षात आम्ही पाचने जातो. दहा लाख जास्त देऊन चार फूट लांब बोट घेतली तर वेगात अर्ध्या नॉटचा फरक. तेवढ्यासाठी पहाटे पाचऐवजी पावणेपाचला निघावं.

बोटी बऱ्याच बघितल्या, सगळ्यांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. एक जे-२४ होती. चालवायला काय सुंदर बोट, मिलिंद तर खाली उतरायलाच तयार नव्हता. पाणी १.२२ मीटर, तेही चाललं असतं. पण आत उभं राहता येत नाही, ओट्यासारखं काही नाही, आणि संडास म्हणजे बादली. ती शर्यतीची बोट आहे, तिच्यावर संसार लादू नये.

दुसरी ३४ फुटी, बाहेरच्या देशातून आलेली, आत चकचकीत सागवानी रंगाचं लाकूड, दोन खोल्या, गॅसची शेगडी, ओवीने तर आपली खोली ठरवूनही टाकली. पाणी १.९ मीटर. माझ्या प्रश्नाला ती पहिल्याच दिवशी नापास झाली होती, पण घरच्या लोकशाहीत मी एक मत. मे महिना होता, बोट पाण्यात होती. मिलिंदने तळाचं लाकूड उचलून बिल्जमधल्या, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी साचलेल्या, पाण्यात हाताचं बोट बुडवलं आणि चाखलं. गोडं असतं तर टाकी गळते किंवा पाऊस शिरतो, हे होतं खारट. म्हणजे समुद्र कुठूनतरी आत येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन बघायचं ठरलं होतं. दाखवणारा माणूस किल्ली फिरवणार तेवढ्यात मी ब्लॉकवर हात ठेवला, तर कोमट. मालक पुण्यालाच, बोटीवर रात्री कोणी राहत नाही, मग इंजिन आपोआप तापलं? जुनं डिझेल इंजिन थंडच सुरू करून बघायचं असतं. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन गरम असताना लगेच उठतं, थंड असताना पांढरा धूर सोडत बसतं. मी म्हटलं, उद्या परत येतो, कृपा करून हात लावू नका. उद्याचा फोन त्यांनीच केला: बोट दुसऱ्या पार्टीला द्यायचं चाललंय. ओवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमची बोट मिळाली ती जुलैत. हा माझ्या मते या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे. सगळे सांगतात ऑक्टोबरात या, रंग मारून, पाण्यात सोडून दाखवतो. मी म्हणेन भर पावसात जा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि यॉटही मेअखेरीस बाहेर काढून टेकूंवर चढवलेल्या असतात. कोणाला घाई नसते, यार्डातल्या माणसाला गप्पा मारायच्या असतात, बोटीचं पोट उघडं असतं, आणि वरून निसर्ग फुकटात गळतीची चाचणी घेत असतो. आम्ही फक्त एक विनंती केली: आदल्या दिवशीच ताडपत्री काढून ठेवा.

रेनकोट घालून शिडीने वर चढलो. दार उघडल्यावर पहिला आला तो वास. डिझेल आणि ओल यांचा मिळून एक वास जुन्या बोटींना असतोच, तो सोडून द्यायचा. कुजलेल्या प्लायचा वास वेगळा. डावीकडे चेनप्लेट जिथे डेकमधून खाली येते, म्हणजे डोलकाठीच्या तारा ज्या पट्टीला बांधतात ती, तिथून पाण्याची एक बारीक धार प्लायच्या पार्टिशनवर उतरत होती. धार चालू होती, डोळ्यांसमोर. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, अर्धा इंच आत गेला. ऑक्टोबरात त्याच जागी रंगाचा नवा हात असता आणि वर एक सुबक कुशन. खिडक्यांपैकी दोन गळत होत्या, त्या ठीक, खिडक्या परत बसवता येतात. डोलकाठी जिथे उभी राहते तिथे कोरडं होतं, हे महत्त्वाचं.

मग डेक. बहुतेक फायबरग्लास डेकच्या पोटात बाल्सा लाकडाचा किंवा प्लायचा थर असतो, वरून पाणी शिरलं की तो कुजतो आणि डेक पायाखाली दबतो. प्लॅस्टिकची हातोडी घेऊन मी वीतभर अंतराने ठोकत गेले. फाउंड्रीत आम्ही कास्टिंग टांगून त्यावर ठोका देतो, आवाज स्वच्छ वाजला तर बरं, बसका आला तर बाजूला. वर्षानुवर्षं तेच ऐकल्यामुळे डेकवरचा बसका आवाज मला मिलिंदच्या आधी कळत होता. नांगराच्या विंचजवळ हातभर जागा बसकी निघाली. खडूने गोल केला. खडू पावसात लगेच वाहून गेला, मग ओवीने फोनवर फोटो काढून त्यावर गोल केले. ती आता बोलायला लागली होती.

कीलपाशी मात्र मी घरच्या मैदानावर. शिशाचा कील महाग असतो, गंजत नाही आणि घनता ११.३, म्हणजे कमी जागेत जास्त वजन. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता ७.२. स्वस्त बोटींना बीडच असतं, आमच्याही. बिडाच्या कीलला वरवर गंज दिसला म्हणून घाबरायचं नाही. वायर ब्रशने घासलं की खाली धड बीड लागतं, मग त्यावर इपॉक्सी प्रायमर. मी बघत होते ती सांधा. कील जिथे फायबरग्लासला भिडतो तिथे पुढच्या टोकाला केसाएवढी चीर आहे का, आणि त्या चिरेतून गंजाचं पाणी ओघळून डाग पडलाय का. दोन किलांच्या बोटीत आणखी एक जागा: चिखलात वेडीवाकडी बसली की कील बाजूला रेटला जातो आणि आत, कीलच्या मुळाशी, फायबरग्लास चिरतं. म्हणून खालच्या सगळ्या फळ्या काढायला लावल्या, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन कोपरे बघितले. कीलच्या बोल्टच्या नटाखालचे वॉशर गंजलेले होते, नट नव्हते. मुळाशी चीर नव्हती. आधीच्या कोणीतरी तिथे जाडजूड मजबुतीकरण केलेलं, हाताला खरखरीत लागणारं, दिसायला ओबडधोबड आणि अगदी मनासारखं.

डोलकाठी उतरवून यार्डात घोड्यांवर आडवी ठेवली होती, तारा तिच्याभोवती गुंडाळलेल्या. स्टेनलेस स्टील चकाकतं म्हणून लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. खारट ओल जिथे अडकून राहते आणि हवा पोचत नाही, तिथे ते आतून चिरत जातं आणि वरून काही दिसत नाही. तारेच्या टोकाला दाबून बसवलेली जी नळी असते, ती अशीच जागा. मी कारखान्यातून डाय पेनिट्रंटचे, म्हणजे न दिसणारी चीर रंगाने दाखवणाऱ्या रसायनांचे, तीन कॅन नेले होते. एका ताडपत्रीखाली बसून प्रत्येक नळी क्लीनरने पुसली, वाळू दिली, वर लाल रंग मारला, दहा मिनिटं थांबले, फडक्याने पुसून काढला आणि पांढरा डेव्हलपर फवारला. यार्डातला पोरगा म्हणाला, "मॅडम, आत्ताच रंगपंचमी?" पांढऱ्यावर काही क्षण काहीच नव्हतं. मग खालच्या दोन नळ्यांवर, अगदी तोंडाशी, लाल रेघ उमटली. नखाएवढी, सरळ, तारेच्या दिशेने. नुसत्या डोळ्यांना तिथे आरशासारखं गुळगुळीत स्टील होतं. मी मालकांना बोलावून दाखवलं. ते भले गृहस्थ, स्वतः साठीच्या पुढचे, म्हणाले, "मी या तारांवर गोव्याला जाऊन आलोय हो." तारा किती जुन्या हे त्यांनाही सांगता येईना. दहा वर्षं झाली की सगळ्या बदलाव्यात असं रिगर, म्हणजे डोलकाठी-तारांचं काम करणारे लोक सांगतात, तेव्हा आम्ही सगळ्याच बदलायचं धरलं आणि तेवढी रक्कम किमतीतून उतरवली.

ऑस्मोसिसबद्दल इंटरनेटवर फार भीती घातलेली असते. त्या काळच्या पॉलिस्टर बोटींच्या पाण्याखालच्या भागावर फोड येतात, फोडले की आतून व्हिनेगरसारखा वास येणारा द्रव निघतो. आमच्या बोटीला आहेत, मूठभर. याने बोट बुडत नाही, भाव पाडायला उपयोग होतो. ओलावा मोजायचं मीटर मात्र जुलैत घेऊन फिरू नका. नुकत्या पाण्याबाहेर काढलेल्या, वर पावसात भिजणाऱ्या बोटीवर ते लालच दाखवणार. हे आम्हाला सर्व्हेअरनेच सांगितलं. हो, एवढं सगळं स्वतः बघूनही सर्व्हेअर नेमला. मला बीड कळतं, फायबरग्लास त्याला कळतं, आणि विमा कंपनीला त्याचाच कागद लागतो.

इंजिन यानमारचं दोन सिलिंडरचं, १८ हॉर्सपॉवरचं डिझेल. यात एक गोष्ट बघून घ्या: इंजिन थेट खाऱ्या पाण्याने थंड होतं की हीट एक्स्चेंजरने, म्हणजे आत गोडं पाणी फिरतं आणि खारं पाणी फक्त त्याला गार करतं. बंदराचं पाणी म्हणजे पातळ गाळ. तो थेट इंजिनच्या पोटातून फिरवण्यापेक्षा एक्स्चेंजरवाला प्रकार बरा, मॉडेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो तो. जमिनीवर असताना पाण्याच्या बादलीत नळी सोडून ते चालवून बघितलं, यावेळी ब्लॉक गार होता हे मी आधी तपासलं. पाण्यातली चाचणी जुलैत शक्य नव्हती. म्हणून किमतीतला एक भाग ऑक्टोबरच्या चाचणीपर्यंत अडकवून ठेवायचं लेखी ठरलं. मालक तयार झाले. जे तयार होत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नये. प्रोपेलर कीलच्या मागे झाकलेला आहे की उघडा, तेही बघा. या पाण्यात कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे, म्हणजे एका जागी रोवून ठेवलेल्या जाळ्यांचे, दोर आणि खुंट सगळीकडे आहेत, दोर प्रोपेलरला गुंडाळला की कोळ्याचं नुकसान आणि आपलीही फजिती.

आता सासूबाईंची परीक्षा. त्यांना मी जुलैत नेलं नव्हतं, बोट पाण्यात उतरल्यावर नेलं, पण बोट निवडताना त्यांचा गुडघा माझ्या डोक्यात होता. डिंगीतून चढायला मागे रुंद पायऱ्या आहेत का, पहिली पायरी पाण्याखाली पोचते का, धरायला दांडा आहे का. संडासाला दार आहे का आणि दार लावून आत वळता येतं का. हाताने पंप मारायचा संडास त्यांना दाखवला तेव्हा म्हणाल्या, "हापशापेक्षा सोपा आहे." युरोपात बांधलेल्या बोटीत गरम हवेचा हीटर असतो, खिडक्या लहान, लाकूड गडद. आपल्याकडे एप्रिलमध्ये आत भट्टी होते. हीटरची जागा आम्ही सामानाला वापरतो आणि पैसे घातले ते कॉकपिटवरच्या, म्हणजे बोट चालवताना बसायच्या उघड्या जागेवरच्या, कापडी छतावर, ज्याला बिमिनी म्हणतात, आणि पुढच्या झडपेतून वारा आत ओढणाऱ्या कापडी नरसाळ्यावर. सुकाणूचं चाक नाही, साधा दांडा आहे, तो अर्णवलाही झेपतो. मुलांचे लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलेच. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि पोरगं खाली.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण इथेच बोटी अडकतात. बाहेरून आलेली यॉट असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, बघितल्याशिवाय विसार देऊ नका. परदेशी माणूस सोडून गेला, कोणीतरी घेतली, ड्यूटी भरली की नाही कोणालाच सांगता येत नाही, अशी एक बोट आम्हीही बघितली, देखणी आणि अविश्वसनीय स्वस्त. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडची नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, इंजिनचा नंबर कागदावरच्याशी जुळतो ना, मूरिंगची, म्हणजे बोट पाण्यात बांधून ठेवायची, जागा बोटीबरोबर मिळते की वेगळी मागावी लागते. शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग पडू शकतो, कारण बोट उभी करायला जागा नसेल तर ती नुसतीच मालमत्ता. नव्या यॉटवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जुन्यांच्या किमतीही विकणाऱ्यांच्या मनात वाढल्यात.

वर्षाचा खर्च किमतीच्या दहा टक्के धरावा असं यॉटवाले सांगतात. बोट जितकी स्वस्त आणि जुनी तितका हा हिशेब चुकतो. पावसाळ्यात बाहेर काढणं, टेकूवर ठेवण्याचं भाडं, तळाचा रंग, झिंकचे अॅनोड, मूरिंगची साखळी, लक्ष ठेवणाऱ्याचा पगार, यातलं काहीच बोटीची किंमत बघून कमी होत नाही. म्हणून आम्ही निम्मा वाटा मिलिंदच्या शाळेतल्या मित्राला आणि त्याच्या बायकोला दिला. ते बाणेरला राहतात. जिवलग मित्र असले तरी करार स्टँप पेपरवर केला: एक आड एक शनिवार-रविवार, ज्याच्या हातून मोडेल त्याने भरायचं, तारा-शिडं-इंजिन निम्मे निम्मे, बाहेर पडायचं असेल तर सहा महिने आधी सांगायचं. गणपतीचा प्रश्नच आला नाही, तेव्हा बोट जमिनीवर असते. दिवाळीवरून मात्र दोन्ही घरांत अजून चर्चा चालू आहे, आणि ते कलम सध्या कोरं ठेवलंय.